बिनरंगी धूर

माझ्याकडे काम आलं ते एका वाक्यात: चिमणीतून तांबडा धूर दिसतो, तो दिसायला नको. पुढचं वर्षभर मी जे केलं, चुकले आणि परत केलं, त्यातला निम्मा वेळ या वाक्यातल्या ‘दिसतो’ या शब्दाने खाल्ला.

आमची भट्टी उत्प्रेरक भाजायची. धातूंचे नायट्रेट क्षार मुरवलेल्या गोळ्या ट्रेमध्ये भरायच्या आणि गॅसच्या ज्योतीवर तापमान हळूहळू ६०० अंशांपर्यंत चढवायचं. नायट्रेट फुटतं, धातूचं ऑक्साइड गोळीत राहतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं धुराबरोबर बाहेर पडतात. भट्टीच्या मागे धूर धुणारा एक जुना स्क्रबर टॉवर उभा होता. एफआरपीचा (काचतंतूंनी मजबूत केलेल्या प्लास्टिकचा) उभा नळकांडा, आत प्लास्टिकच्या रिंगा, वरून कॉस्टिक सोड्याचा शिडकावा, खालून वर चढणारा धूर. टॉवरच्या आधी पाण्याचे फवारे मारून धूर थंड केला जायचा, नाहीतर रिंगा वितळल्या असत्या. हे सगळं सांभाळणारे ऑपरेटर माझ्या वडिलांच्या वयाचे. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणू लागले.

काकांच्या लॉगबुकात दर तासाला एक रकाना भरलेला असायचा: ‘धुराचा रंग’. तांबडा, पिवळट, फिका, स्वच्छ. मी पाच-सहा बॅचेसची पानं चाळली तर एक गंमत दिसली. बॅचच्या पहिल्या काही तासांत ‘तांबडा’, आणि भट्टी पुरती तापली की ‘स्वच्छ’. काकांचा निष्कर्ष सरळ होता. “मॅडम, सुरुवातीला टॉवरला झेपत नाही. नंतर सगळं सुरळीत चालतं.” मला पटलं. पटायला नको होतं, पण पटलं.

पहिल्या महिन्यात आम्ही टॉवर उघडला. वरची वितरण थाळी एका बाजूला कलली होती, त्यामुळे सगळं कॉस्टिक एकाच अंगाने ओघळत होतं. निम्म्या रिंगा कोरड्या ठाक. पाणी जिकडून उतरतं तिकडून धूर चढत नाही आणि धूर चढतो तिकडे पाणी नाही, अशी ती व्यवस्था. थाळी समपातळीत बसवली, फुटक्या रिंगा बदलल्या, चोंदलेले नोझल साफ केले, कॉस्टिक ताजं भरलं. पुढच्या बॅचला चिमणीकडे बघत आम्ही सगळे उभे होतो. तांबडेपणा जवळजवळ गेला होता. काकांनी रकान्यात ‘फिका’ लिहिलं. मी वरिष्ठांना कळवलं की काम बरंचसं झालं आहे.

मग भाड्याने आणलेला अ‍ॅनालायझर लावला आणि तो म्हणाला, नायट्रोजनची ऑक्साइडं टॉवरच्या आधी २,४०० पीपीएम (दहा लाख भागांत २,४०० भाग), टॉवरनंतर १,१५०. म्हणजे निम्म्याहून जेमतेम जास्त वायू धरला गेला. आणि चिमणीत शिल्लक असलेल्या १,१५० पैकी सुमारे १,००० एकट्या एनओचे. एनओ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. त्याला रंग नाही.

दोन भावंडं आहेत असं समजा. एनओटू, म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड, तांबूस-तपकिरी, झोंबणारा, डोळ्यांत भरणारा. तो पाण्याशी प्रक्रिया करतो, कॉस्टिकशी तर आणखी सहज. दुसरा एनओ, अदृश्य आणि पाण्याला जवळजवळ न शिवणारा. शुद्ध एनओ वायूच्या वातावरणात ठेवलेलं एक लिटर पाणीसुद्धा त्याचे ६० मिलिग्रॅमही पोटात घेत नाही. आमच्या धुरात तो हजार पीपीएम, म्हणजे त्याच्याही हजारावा भाग. कॉस्टिक असो वा साधं पाणी, एनओ एकटा असला की तो रिंगांना नमस्कार करून वर निघून जातो.

काकांच्या ‘स्वच्छ’चं कोडंही इथेच सुटलं. नायट्रेट कमी तापमानाला फुटतं तेव्हा एनओटू बराच निघतो आणि धूर तांबडा दिसतो. पण तापमान वाढत गेलं की एनओटू स्वतःच फुटून एनओ आणि ऑक्सिजन होतो. ६०० अंशांच्या आसपास बहुतेक सगळा एनओच असतो. उशिरा फुटणारे क्षार त्याच वेळी रिकामे होत असतात. म्हणजे लॉगबुकातल्या ‘स्वच्छ’ तासांमध्ये टॉवर सगळ्यात निकामी चालत होता. हे मी काकांना दाखवलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. त्यांनी अ‍ॅनालायझरचा पडदा आणि चिमणी आळीपाळीने बराच वेळ पाहिली.

मोजमापाबद्दल इथेच सांगून टाकते, कारण त्यात माझे दोन आठवडे गेले. पहिल्या दिवसांचे आकडे याहूनही चांगले येत होते आणि मी खूश होते. पुढे लक्षात आलं की नमुन्याची नळी थंड होती. धुरातली वाफ नळीत थिजायची, त्या थेंबांत एनओटू विरघळायचा आणि अ‍ॅनालायझरपर्यंत पोहोचायचाच नाही. आम्ही एक छोटा बिनपगारी स्क्रबर नळीतच चालवत होतो. तापवलेली नळी बसवल्यावर खरे आकडे दिसले. दुसरा घोळ एककांचा. आमच्या पडद्यावर पीपीएम, बाहेरच्या प्रयोगशाळेच्या अहवालात प्रति घनमीटर मिलिग्रॅम, तेही सगळं एनओटू धरून. एका पीपीएमचे २.०५ मिलिग्रॅम होतात हे भिंतीवर चिकटवल्यावर वाद थांबले. एका शहाण्याने डँपर, म्हणजे हवेची झडप, थोडा उघडून हवा आत घ्यायचं सुचवलं होतं, पीपीएम लगेच खाली येतात म्हणून. येतातच. तासाला बाहेर पडणारे किलो मात्र तेवढेच राहतात, आणि ऑक्सिजनची दुरुस्ती (मिसळलेली जादा हवा हिशोबातून काढणारी) लावली की लबाडी उघडी पडते.

तर प्रश्न एनओचा होता. त्याला आधी एनओटू करायचं आणि मग पकडायचं. धुरात ऑक्सिजन असतोच, मग आपोआप का होत नाही? होतं, पण त्याचा वेग एनओच्या प्रमाणाच्या वर्गाने बदलतो. प्रमाण दहापट कमी झालं तर वेग शंभरपट मंदावतो. मी कागदावर गणित मांडलं. हवेइतका ऑक्सिजन धरला तरी १०,००० पीपीएम एनओ निम्मा व्हायला वीसेक सेकंद पुरतात, १,००० पीपीएमला तीन मिनिटांहून जास्त, १०० पीपीएमला अर्ध्या तासाहून जास्त. आमच्या धुरात ऑक्सिजन हवेपेक्षा कमी. म्हणजे मधे रिकामी टाकी ठेवून धूर मुरू द्यायचा म्हटलं तर ती टाकी भट्टीपेक्षा मोठी झाली असती. आणखी एक विचित्र गोष्ट: ही प्रक्रिया गरम केल्याने मंदावते, थंडीत वेग घेते. बहुतेक रासायनिक प्रक्रियांच्या नेमकी उलट. मी हे दोनदा तपासलं, कारण मला वाटलं चिन्ह चुकलं असेल.

निव्वळ पाण्याचा टॉवर वाढवू असंही कुणी सुचवलं. तिथे हिशोब आणखी चिडवणारा आहे. एनओटूचे तीन रेणू पाण्यात गेले की दोन नायट्रिक आम्लाचे होतात आणि एक एनओ होऊन परत वर येतो. कॉस्टिकमध्ये तसं होत नाही, तिथे नायट्राइट आणि नायट्रेट तयार होऊन द्रावणात राहतात. शिवाय एनओ आणि एनओटू जोडीने असले तर दोघं मिळून कॉस्टिकमध्ये चटकन जातात. आमच्या जुन्या टॉवरने थोडाफार एनओ धरला होता तो याच जोडीच्या जोरावर.

अमोनिया आणि उत्प्रेरकाचा कोरडा मार्ग आम्ही आधीच बाजूला ठेवला होता. त्याला साधारण ३०० ते ४०० अंशांचा स्थिर धूर लागतो. आमचा धूर बॅचबरोबर चढउतार करणारा आणि धातूच्या धुळीने भरलेला.

मग तीन महिने एका छोट्या काचेच्या नळकांड्यावर प्रयोग. मुख्य डक्टमधून धुराची बारीक धार ओढून त्यात सोडायची आणि निरनिराळी द्रावणं फिरवायची. हायड्रोजन पेरॉक्साइड मला मनापासून आवडलं होतं. नायट्रिक आम्लात थोडं पेरॉक्साइड घातलं की एनओ आणि नायट्रस आम्ल दोन्हींचं नायट्रिक आम्लच होतं, कुठलाही क्षार मागे उरत नाही. पहिले दोन दिवस सुंदर आकडे आले. तिसऱ्या दिवशी पेरॉक्साइड टाकीतच फसफसून संपलं. धुरातली धूळ म्हणजे तांब्या-मँगनीजची ऑक्साइडं, आणि पेरॉक्साइड फोडायला याहून चांगला उत्प्रेरक मिळणार नाही. आम्ही उत्प्रेरक बनवणारे लोक, आणि उत्प्रेरकानेच आमचा डाव मोडला. लॅबमधल्या मुलांना हा विनोद आठवडाभर पुरला.

सोडियम क्लोराइटने एनओ फार छान धरला. अल्कधर्मी, म्हणजे कॉस्टिकसारख्या, द्रावणात क्लोराइट हळू चालतो, म्हणून आमच्या लॅबमधल्या मुलाने पीएच (आम्लतेचा आकडा; साताच्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) चारवर आणला. आकडे एकदम खाली आले, सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात. तेवढ्यात नळकांड्याच्या वरच्या टोकाला पिवळसर-हिरवी छटा दिसली आणि पोहण्याच्या तलावासारखा पण त्याहून तिखट वास आला. क्लोरीन डायऑक्साइड. हा वायू विषारी तर आहेच, हवेत दहा टक्क्यांच्या वर गेला तर स्फोटही होतो. आम्ही त्या प्रमाणाच्या जवळपासही नव्हतो, पण नळ बंद केला, खिडक्या उघडल्या आणि वहीत त्या पानावर मी एक मोठी फुली मारली. ज्यांच्याकडे तो सांभाळायची यंत्रणा आहे ते वापरतात, आमच्या रात्रपाळीच्या भरवशावर मला तो नको होता.

लोखंडाचं ईडीटीए (धातूला द्रावणात धरून ठेवणारं रसायन) संयुगही करून पाहिलं. ते एनओला थेट धरतं, हे खरं. पण धुरातला ऑक्सिजन त्या लोखंडाला गंजवत राहतो आणि ते एनओ धरायचं सोडून देतं. एका आठवड्यात गुंडाळलं.

शेवटी ओझोनवर आलो. गंमत म्हणजे आमचा अ‍ॅनालायझरही याच प्रक्रियेवर चालत होता. एनओला ओझोन भेटला की एनओटू होताना क्षीण प्रकाश निघतो, आणि यंत्र तो प्रकाश मोजतं. जे यंत्राच्या पोटात चमचाभर घडत होतं तेच आम्हाला डक्टमध्ये घमेल्याने घडवायचं होतं. हिशोब सोपा होता: एका किलो एनओला १.६ किलो ओझोन. आमचा धूर तासाला सुमारे २,००० सामान्य घनमीटर (शून्य अंश आणि हवेच्या नेहमीच्या दाबाला मोजलेले), त्यात १,००० पीपीएम एनओ, म्हणजे तासाला २.७ किलो एनओ आणि सव्वाचार किलोच्या वर ओझोन. ओझोन साठवता येत नाही, जागेवरच विजेने तयार करावा लागतो. ऑक्सिजनपासून केला तरी बाहेर पडणाऱ्या वायूत वजनाने दहा टक्क्यांच्या आसपासच ओझोन मिळतो. दीडपट ओझोन दिला तर एनओ थेट एनटूओफाइव्हपर्यंत (डायनायट्रोजन पेंटॉक्साइड) जातो आणि मग तो साध्या पाण्यातही झटकन विरघळतो. आम्ही तो मोह टाळला. एनओटूपर्यंत न्यायचं आणि पुढच्या टॉवरमध्ये सोडियम सल्फाइटच्या द्रावणाने त्याला धरायचं, असं ठरलं. विजेचा भार त्यामुळे बराच वाचला.

जागा कुठली? ओझोन गरम धुरात टिकत नाही, १५० अंशांच्या वर तर लगेच मोडतो. म्हणून जुन्या कॉस्टिक टॉवरनंतर, जिथे धूर थंडही झालेला होता आणि बरीचशी धूळही धुतली गेली होती. प्रक्रिया इतकी जलद की हिशोब मिलिसेकंदांत येतो. मला वाटलं, डक्टला एक नळी जोडली की झालं. झालं नाही. पहिल्या दिवशी डक्टच्या वरच्या अर्ध्या भागात एनओ शून्य आणि ओझोन शिल्लक, खालच्या अर्ध्यात एनओ जसाच्या तसा. प्रक्रिया जलद असली तरी दोघांची गाठ तर पडायला हवी. मग डक्टमध्ये आडवा दांडा टाकून त्याला अनेक भोकं पाडली, पुढे दोन तिरके पत्रे बसवले. काका म्हणाले, “लग्नात दोन्हीकडची माणसं दोन कोपऱ्यांत बसतात तसं झालं होतं मॅडम.” त्या पत्र्यांना आम्ही नंतर ‘मध्यस्थ’च म्हणायला लागलो.

ओझोन सुरू झाल्यावरची ती संध्याकाळ मला आठवते. नवा सल्फाइट टॉवर अजून कोरडा होता, फक्त ओझोनची चाचणी चालली होती. आणि चिमणी भडक तांबडी झाली. अर्थात व्हायलाच हवी होती, आम्ही अदृश्य एनओचं दृश्य एनओटू करत होतो. पण वर्षभर रंग घालवायला बसलेल्या माणसांच्या डोळ्यांदेखत आजवरचा सगळ्यात गडद धूर निघाला. पाच मिनिटांत तीन फोन आले. मी चाचणी थांबवली. जो धूर इतकी वर्षं ‘स्वच्छ’ म्हणून नोंदला जात होता तो खरा किती होता, हे त्या पाच मिनिटांत सगळ्यांनी पाहिलं. नंतरच्या कुठल्याच बैठकीत मला कुणाला फार समजवावं लागलं नाही.

सल्फाइट टॉवर सुरू केला आणि त्याने पहिल्याच दिवसापासून खायला सुरुवात केली. पुस्तकी समीकरणात एनओटूच्या दोन रेणूंना सल्फाइटचे चार लागतात आणि नायट्रोजन वायू सुटतो. आमचा वापर त्या हिशोबाच्या कितीतरी पुढे. सल्फाइटला ऑक्सिजन आवडतो, आणि धुरात ऑक्सिजन भरपूर. त्यातून एनओटू सल्फाइटला टेकला की तिथून एक साखळी सुरू होते आणि एकेका ठिणगीमागे पुष्कळ सल्फाइट फुकट जळतं. रात्री टाकी भरायची, पहाटे रिकामी. यावरचा उपाय माहितीचा आहे: थोडं थायोसल्फेट घालायचं, ते साखळी मधेच तोडतं. घातलं. लॅबच्या आयोडीन टायट्रेशनमध्ये (आयोडीन थेंबाथेंबाने घालून करायच्या मोजणीत) सल्फाइट लगेच भरघोस दिसायला लागलं. आणि चिमणीचे आकडे वाईट होत गेले.

तीन दिवस डोकं खाजवलं. चूक हास्यास्पद होती. आयोडीनला सल्फाइटही चालतं आणि थायोसल्फेटही. आम्ही दोघांची बेरीज मोजत होतो आणि त्याला सल्फाइट म्हणत होतो. टाकीत सल्फाइट नावालाच उरलं होतं. मग लॅबने पद्धत बदलली: एकदा सरळ टायट्रेशन, एकदा फॉर्माल्डिहाइड घालून सल्फाइटला झाकून टायट्रेशन, आणि दोन्हींची वजाबाकी. दर दोन तासांनी. रात्री दोनला सुद्धा. मुलं वैतागली, पण वापर खरोखर खाली आला.

पीएचची ओढाताण वेगळीच. साताच्या खाली घसरलं की सल्फाइटचं बायसल्फाइट होतं, ते एनओटूला हळू धरतं, आणि आणखी खाली गेलं तर सल्फर डायऑक्साइडचा वास सुटतो. नवाच्या वर नेलं तर ज्योतीच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक पिऊन टाकतो. आम्ही साडेसात ते साडेआठ धरून ठेवलं. लिहायला ही एक ओळ लागली, रसायन मोजून सोडणारा डोसिंग पंप शांत करायला सहा आठवडे लागले.

आता जो प्रसंग सांगायला मला अजूनही जड जातं तो. कॉस्टिक वाचवायचं म्हणून मी जुन्या टॉवरचं द्रावण जास्त दिवस फिरवायचं ठरवलं होतं. टॉवर दुरुस्त झालेला, त्यामुळे तो पूर्वीपेक्षा जास्त वायू धरत होता. दोन्हींमुळे द्रावणात नायट्राइट साचत गेलं. सल्फाइट टॉवरच्या द्रावणातही, पुस्तकातल्या नायट्रोजनऐवजी, नायट्राइटच बरंचसं सापडत होतं. हे मला आकड्यांत माहीत होतं. त्याचा पुढचा अर्थ मी लावला नव्हता.

एका दुपारी हे जुनं द्रावण सांडपाण्याच्या टाकीत सोडलं. तिथे अल्कधर्मी पाणी साताच्या आसपास आणायला आम्लाची नळी उघडी असते. त्या दिवशी ढवळणी बंद होती. आम्ल एका कोपऱ्यात पडत राहिलं, तिथे पीएच दोनच्या खाली गेलं असणार, आणि नायट्राइटचं नायट्रस आम्ल, नायट्रस आम्लातून एनओ आणि एनओटू. जो धूर महिनोन्महिने चिमणीतून उतरवून द्रावणात बसवला होता तो जमिनीच्या पातळीवर, माणसांच्या तोंडासमोर, तांबडा लोट होऊन उठला.

काका तिथे माझ्या आधी पोहोचले होते. त्यांनी आम्लाचा नळ बंद करायला लांबचा व्हॉल्व्ह फिरवला, जवळचा नाही. त्यांचं हे डोकं शाबूत राहिलं म्हणून पुढचं थोडक्यात निभावलं. एक मदतनीस लोटाच्या कडेने पळाला होता. खोकला, मग हसला, “काही नाही झालं मॅडम” म्हणाला. इथे मात्र मला नीट माहीत होतं. एनओटूचा दगा हाच आहे की माणूस दोन तास बरा वाटतो आणि कित्येक तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. त्याला रुग्णालयात पाठवलं आणि चोवीस तास देखरेखीखाली ठेवायला लावलं. तो रागावला होता, त्याला घरी जायचं होतं. दुसऱ्या दिवशी ठणठणीत परत आला. मी ती रात्र झोपले नाही. अहवालात कारण म्हणून ‘ढवळणी बंद’ असं लिहिता आलं असतं. मी माझा द्रावण साठवण्याचा निर्णय वर लिहिला आणि ढवळणी खाली.

त्यानंतर नायट्राइटचं पाणी वेगळ्या टाकीत जाऊ लागलं. तिथे आधी सल्फामिक आम्लाने नायट्राइट मोडायचं, त्यातून नायट्रोजन वायू सुटतो, तो निरुपद्रवी. सल्फामिक आम्ल आधी, पुरेसं, ढवळत. बाकीचं आम्ल नंतर. चाचणीच्या पट्टीने मोजून नायट्राइट शून्य दिसल्याशिवाय पुढचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही, आणि त्या व्हॉल्व्हला कुलूप. उरलेलं नायट्रेट जैविक विभागाकडे जातं, जिथले जिवाणू ते खाऊन नायट्रोजन करतात. त्या विभागाच्या प्रमुखांनी मला एकदा स्पष्ट ऐकवलं की तुझं हवेचं काम आता माझं पाण्याचं काम झालंय. खोटं नव्हतं ते. त्यांच्याशी बोलून आम्ही द्रावण थोडं थोडं, रोज सारखं सोडायला लागलो.

थंडी पडली तेव्हा एक शेवटचा झटका मिळाला. पहाटे चारला सल्फाइट टॉवरचा पंप कोरडा खडखडायला लागला. सक्शनची नळी खोलली तर आत काचेसारखे स्वच्छ स्फटिक गच्च. सोडियम सल्फेट ३२ अंशांच्या वर पाण्यात भरपूर विरघळतं आणि तापमान उतरलं की झपाट्याने बाहेर पडतं. शून्याजवळ तर शंभर ग्रॅम पाण्यात पाचेक ग्रॅमच राहतं. दोन बॅचेसच्या मधे टॉवर थंड पडला होता. नळ्यांवर वाफेची पातळ वेटोळी गुंडाळली आणि द्रावणाची घनता ठरावीक आकड्याच्या वर जाऊ द्यायची नाही असं ठरवलं. काकांनी एक स्फटिक कागदात गुंडाळून खिशात ठेवला, नातीला दाखवायला. दुपारपर्यंत त्याची पांढरी भुकटी झाली, पाणी उडून गेल्यामुळे. ते थोडे खट्टू झाले.

बाहेरच्या प्रयोगशाळेने चिमणीची मोजणी केली ती सगळ्या तापमानांवर, पूर्ण बॅचभर. आम्हीच तसा आग्रह धरला होता. सुरुवातीच्या तांबड्या तासांत ६० ते ७० पीपीएम, ६०० अंशांच्या ‘स्वच्छ’ तासांत शंभरच्या किंचित वर. २,४०० वरून. ओझोनची पातळी भट्टीच्या तापमानाला बांधली तर तो वरचा आकडाही उतरेल असं मला वाटतं, ते काम अजून चालू आहे.

थंड हवेत चिमणीवर आता दाट पांढरा लोट दिसतो, ओल्या टॉवरची वाफ. पूर्वीपेक्षा मोठा. परवा कुणीतरी गेटवर येऊन विचारलंच की धूर वाढलाय का.

लॉगबुक नवीन छापलं तेव्हा मी ‘धुराचा रंग’ हा रकाना काढून टाकला आणि एनओ, एनओटू, सल्फाइट, पीएच असे चार घातले. काका चारही भरतात, दर तासाला, सुवाच्य अक्षरात. पण पानाच्या समासात, छापील चौकटीच्या बाहेर, पेन्सिलीने अजून एक शब्द असतो. काल होता: ‘पांढरा’.